सर्जिकल टीममध्ये सीनियर-ज्युनियरचा बॅलन्स कसा लावायचा: ड्यूटी चार्टपासून रात्रीच्या फोनपर्यंत

ड्यूटी चार्ट लावताना बहुतेक युनिटमध्ये डोकी मोजली जातात. सोमवारी दोन सीनियर चार ज्युनियर, मंगळवारीही दोन आणि चार, झालं, बसला बॅलन्स. आणि मग मंगळवारी रात्री दोन वाजता आतडं फुटलेला पेशंट येतो तेव्हा कळतं की ते दोन्ही सीनियर दिवसाचे होते, रात्रीला ज्याला सीनियर म्हणून लावलंय त्याने इमर्जन्सी लॅपरोटॉमी (पोट उघडून करायचं ऑपरेशन) स्वतःच्या हाताने शेवटची कधी केली हे त्यालाच आठवत नाहीये, भूल द्यायला नवीन डॉक्टर आहे आणि स्क्रबला, म्हणजे हात धुऊन टेबलापाशी उपकरणं द्यायला, उभी राहिलेली सिस्टर मागच्याच आठवड्यात डोळ्यांच्या ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बदलून आलीय.

मी बरीच वर्षं युनिटचा चार्ट लावतोय आणि वर लिहिलेली रात्र मी स्वतः काढलेली आहे. पेशंट वाचला. पण आतडं जोडायच्या स्टेपलरचं रीलोड कुठल्या कपाटात ठेवलंय हे टेबलापाशी उभ्या पाच जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं, ते मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर चार्ट लावताना मी एकच प्रश्न विचारायला लागलो: या तासाला अवघड केस आली तर तिची सगळ्यात अवघड पायरी कोण करणार, आणि तो अडकला तर दुसरा किती मिनिटांत टेबलापाशी पोचणार? याचं उत्तर नावानिशी देता येत नसेल तर त्या तासाला तुमचा बॅलन्स नाही, मग डोकी कितीही असोत.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. लोक हमखास टप्पा ४ पासून सुरुवात करतात, म्हणजे थेट चार्ट भरायला बसतात, आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं.

## टप्पा १: सीनियर कोण ते ऑपरेशनप्रमाणे ठरवा

पद आणि वर्षं यावरून सीनियर ठरवणं ही पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. आठ वर्षं थायरॉईड करणारा माणूस थायरॉईडला सीनियर आहे, फाटलेल्या प्लीहेला तो सीनियर असेलच असं नाही. म्हणून एक तक्ता करायचा. डावीकडे माणसं, वर ऑपरेशनं, आणि प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी: लेव्हल आणि शेवटचं कधी केलं तो महिना.

लेव्हल मी अशा धरतो:

० – बघितलंय, रिट्रॅक्टर (चीर उघडी ठेवायचं उपकरण) धरलाय, बस.
१ – सीनियर हात धुऊन समोर उभा असेल तर करतो.
२ – सीनियर ओटीत आहे पण स्क्रब झालेला नाही, तरी करतो.
३ – सीनियर हॉस्पिटलमध्ये कुठेतरी आहे, हा एकटा करतो आणि कधी बोलवायचं ते याला कळतं.
४ – दुसऱ्याच्या हातून करून घेऊ शकतो.

३ आणि ४ एकच समजू नका. स्वतःचा हात चांगला असणं वेगळं आणि समोरच्याचा हात चुकीच्या प्लेनमध्ये, म्हणजे ऊतींच्या चुकीच्या थरात, जातोय हे दोन सेकंद आधी ओळखून त्याला थांबवणं वेगळं, काही उत्तम सर्जन हे करूच शकत नाहीत, ते एकतर कात्री काढून घेतात नाहीतर फार उशिरा बोलतात. शिकवायच्या लिस्टवर लेव्हल ४ चाच माणूस हवा.

मोठी ऑपरेशनं तुकड्यांत मोडा. दुर्बिणीने पित्ताशय काढणं ही एक चौकट नाही होत. पोर्ट (दुर्बीण आणि उपकरणं आत घालायच्या नळ्या) टाकणं, कॅलॉट त्रिकोणातलं (पित्ताशयाच्या नळीजवळच्या जागेतलं) डिसेक्शन म्हणजे ऊती मोकळ्या करणं, क्लिप लावून कापणं, यकृतावरून पित्ताशय सोडवणं, शेवटचं क्लोजर, या पाच चौकटी. एखादा ज्युनियर पोर्टला ३ आणि डिसेक्शनला १ असू शकतो आणि ते अगदी नॉर्मल आहे. तुकडे केल्याचा मोठा फायदा म्हणजे एकाच केसमध्ये दोन वेगवेगळ्या ज्युनियरना त्यांच्या त्यांच्या लेव्हलचं काम मिळतं.

हाच तक्ता ॲनेस्थेशिया आणि नर्सिंगचाही करायचा, त्यांच्याच सीनियरना बसवून. अवघड एअरवे (श्वासनलिकेत नळी घालणं कठीण), लहान मूल, शॉकमधला पेशंट यांना कोण एकटं भूल देऊ शकतं? लॅपरोटॉमी सेट, लॅपरोस्कोपीचा टॉवर, स्टेपलर, रक्तवाहिन्यांचा सेट यात कुठली सिस्टर तयार आहे? सर्जन लोक हा भाग सोडून देतात आणि मग टेबलावर कळतं की टीमचा दोन तृतीयांश भाग आपण बघितलाच नव्हता.

सावध: तक्ता ज्याचा त्याला भरायला देऊ नका. काही जण स्वतःला एक पायरी वर लावतात, काही जण, आणि यात चांगले हात असलेले शांत ज्युनियर फार असतात, एक पायरी खाली लावतात. दोन सीनियरनी वेगवेगळं भरायचं, जिथे फरक येईल तिथे बोलायचं, मग त्या माणसाला दाखवायचं.

इथे थांबून तपासा: तुमच्याकडे नेहमी येणाऱ्या पाच इमर्जन्सी घ्या. प्रत्येकीसमोर लेव्हल ३ किंवा ४ ची निदान दोन नावं आहेत का? एकच नाव असेल तर तो माणूस रजेवर गेला की ती सेवा बंद, हे आत्ताच लिहून ठेवा. आणि सहा महिन्यांत केलेलंच नाही अशी चौकट तात्पुरती एक लेव्हल खाली धरा, कुणाचीही असो, कन्सल्टंटचीसुद्धा.

## टप्पा २: काम खरंच कधी येतं ते रजिस्टरमधून काढा

मागच्या तीन महिन्यांचं ओटी रजिस्टर घ्या. आठवणीवर जाऊ नका, आठवणीत फक्त भयंकर रात्री राहतात. प्रत्येक इमर्जन्सीचे चार आकडे काढा: ऑपरेशन करायचं ठरलं कधी, चीर दिली कधी, संपलं कधी, आणि हजर असलेला सगळ्यात सीनियर माणूस कोण.

ठरल्यापासून चीर देईपर्यंतचा वेळ जिथे वाढलेला दिसतो तिथे बहुतेक वेळा सीनियरची वाट बघितली गेलेली असते. आणि बऱ्याच युनिटमध्ये हा वेळ मध्यरात्री नाही तर संध्याकाळी वाढलेला सापडतो, कारण दिवसाची लिस्ट लांबलेली, सीनियर आत अडकलेला, संध्याकाळची टीम नुकती आलेली आणि कॅज्युअल्टी भरलेली. मी स्वतः पहिल्यांदा आकडे काढले तेव्हा रात्रीच शोधत होतो आणि सापडली संध्याकाळ.

## टप्पा ३: केसला रंग द्या

कुठल्या केसला किती सीनियर हात लागणार हे प्रत्येक वेळी वाद घालून ठरवायचं नाही. तीन गोष्टी बघायच्या: पेशंट किती आजारी आहे, ऑपरेशन किती अवघड आहे, आणि वेळ किती आहे. पेशंटसाठी एएसए ग्रेड (पेशंट एकंदर किती आजारी ते सांगणारा आकडा, १ म्हणजे निरोगी, वाढेल तसा धोका जास्त) पुरते, ती भूलवाले तसंही लिहितातच.

हिरवी: एएसए १ किंवा २, ठरवून केलेली केस, नेहमीचं ऑपरेशन. लेव्हल २ चा ज्युनियर करेल, सीनियर ओटीत.

पिवळी: तिन्हीपैकी एक गोष्ट बिघडलेली. ज्युनियर पायऱ्या करेल पण सीनियर स्क्रब होऊन समोर.

लाल: दोन बिघडलेल्या, किंवा एएसए ४ किंवा त्याहून जास्त, किंवा सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गाने बीपी कोसळणं), किंवा त्याच पोटात परत जायचंय, किंवा तान्हं बाळ. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही सीनियर, दोघंही सुरुवातीपासून.

हे काही माझं एकट्याचं सोवळं नाही. ब्रिटनमध्ये इमर्जन्सी लॅपरोटॉमीच्या राष्ट्रीय ऑडिटमध्ये अंदाजे मृत्यूचा धोका ५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कन्सल्टंट सर्जन आणि कन्सल्टंट भूलतज्ज्ञ दोघंही ओटीत हवेत असा मापदंड आहे. म्हणजे धोका मोजायचा आणि त्यावरून माणूस ठरवायचा. आपल्याकडे उलटं होतं, जो माणूस हाताशी आहे त्यावरून धोका कमी-जास्त वाटायला लागतो.

सावध: "छोटंच आहे" हा शब्द फार फसवतो. गळू फोडायचंय फक्त, पण पेशंटला अनकंट्रोल्ड डायबेटिस आहे, हार्टचं पंपिंग कमी आहे आणि बीपी लागत नाहीये, तर ऑपरेशन पंधरा मिनिटांचं असलं तरी केस लालच. तिथे अवघड पायरी चाकूची नसते, भुलीची आणि नंतरच्या सहा तासांची असते, त्यामुळे सीनियर तिथे हवा.

## टप्पा ४: चार्ट रात्रीपासून भरायला घ्या

आता चार्ट. सवय अशी असते की आधी सकाळच्या मोठ्या लिस्ट भरायच्या, त्यात चांगली माणसं टाकायची, आणि उरलेली रात्रीला आणि सुट्टीला. याच्या बरोबर उलट करा. क्रम असा:

१. रात्री आणि सुट्टीचे दिवस
२. टप्पा २ मध्ये सापडलेला तुमचा फसणारा तास, उदाहरणार्थ संध्याकाळ
३. दिवसाची इमर्जन्सी आणि वॉर्ड
४. ठरलेल्या मोठ्या केसेसची लिस्ट
५. शिकवायची लिस्ट
६. ओपीडी

रजा या सगळ्याच्या आधी घेऊन ठेवायच्या, भरल्यानंतर नाही.

ठरलेली केस पुढे ढकलता येते, रात्रीची ढकलता येत नाही, एवढं साधं कारण आहे. आणि असं भरल्यावर दिवसाला माणूस कमी पडत असेल तर खरं उत्तर दिवसाची लिस्ट छोटी करणं हे आहे. कुणालाच ते ऐकायला आवडत नाही, मला माहीत आहे, वरून प्रेशर येतं, वेटिंग लिस्ट वाढते, तरी रात्रीतला सीनियर काढून दिवस भरू नका.

तीन खुर्च्यांचा नियम: सर्जन, भूलतज्ज्ञ आणि स्क्रब सिस्टर या तीन खुर्च्या. एका टेबलावर एका वेळी त्यातली एकच खुर्ची नवीन माणसाकडे. ज्युनियर सर्जन शिकतोय ना, मग भूल अनुभवी आणि सिस्टर अनुभवी. त्या दिवशी नवीन सिस्टरला शिकवायचंय तर ऑपरेशन सीनियर करेल. यासाठी तिन्ही विभागांचे चार्ट एकमेकांना दाखवावे लागतात, आणि बहुतेक ठिकाणी ते तीन वेगळ्या लोकांच्या तीन वेगळ्या फायलींत असतात आणि एकमेकांना कधी भेटतच नाहीत. महिन्यातून एकदा तिघांनी अर्धा तास एकत्र बसायचं. या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

तासांचं काय? अमेरिकेत रेसिडेंटना चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, युरोपात सरासरी ४८ तासांची. सलग १७ तास जागं राहिलं की हातांचा आणि लक्षाचा वेग रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, हे १९९७ मध्ये मोजून दाखवलंय. पण फक्त तास कापून बॅलन्स येत नाही. अमेरिकेतच ११७ सर्जरी प्रोग्रॅममध्ये ८० तासांच्या आत राहून शिफ्टच्या लांबीचे कडक नियम आणि सैल नियम यांची तुलना झाली, निकाल २०१६ मध्ये आला, आणि पेशंटचे मृत्यू आणि गंभीर कॉम्प्लिकेशन यात फरक दिसला नाही. शिफ्ट छोटी केली की हँडओव्हर वाढतात, आणि कच्च्या हँडओव्हरमध्ये पेशंट हरवतो. त्यामुळे माणसाची झोप वाचवा, ती वाचवायलाच हवी, पण दोन शिफ्टमध्ये अर्धा तास दोन्ही टीम हजर राहतील असा चार्ट लावा.

सीनियरची झोपही चार्टमध्ये यायला हवी. ज्युनियर रात्रीनंतर घरी जातो आणि रात्री तीनदा येऊन गेलेला कन्सल्टंट सकाळी आठला पूर्ण लिस्ट करतो, हे सगळीकडे चालतं. ऑन-कॉलच्या दुसऱ्या दिवशी सीनियरच्या नावावर लाल केस ठेवू नका.

इथे थांबून तपासा: कॅलेंडरवर डोळे मिटून पाच तास निवडा. रविवार दुपारी चार, बुधवार पहाटे तीन, असे. प्रत्येकासाठी लाल केस आली असं धरा आणि तिन्ही खुर्च्यांची नावं व बॅकअपला पोचायची मिनिटं लिहा. एका जरी तासाला "बघू, कुणीतरी येईल" असं उत्तर आलं तर चार्ट अजून झालेला नाही.

## टप्पा ५: आदल्या संध्याकाळी केस वाटा

चार्टवर नाव आहे म्हणून सकाळी ओटीत गेल्यावर "चल, तू कर" असं म्हणणं बंद करा. आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं. प्रत्येक केससाठी: कुठली पायरी कोण करणार, सीनियर कुठे असणार, आणि कुठल्या ठिकाणी हात बदलणार. सीनियर कुठे असणार याला चारच उत्तरं आहेत, स्क्रब, ओटीत, हॉस्पिटलमध्ये, किंवा फोनवर. "असेन मी इकडेच" हे पाचवं उत्तर चालत नाही, त्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा काढतो.

लिस्टचा क्रम: लाल केस पहिली. शिकवायची केस दुसरी किंवा तिसरी, आणि तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ आधीच लिहून ठेवा. शिकवायची केस शेवटी ठेवली की काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय, उशीर झालेला असतो, सिस्टर घड्याळ बघते, भूलवाले विचारतात अजून किती, आणि सीनियर म्हणतो आण इकडे, मी संपवतो. त्या ज्युनियरच्या नावावर ती केस लागते पण त्याने काहीच केलेलं नसतं.

ज्युनियरनेही तयारी करून यायचं. पायऱ्या तोंडी सांगता यायला हव्यात, कुठे काय कापलं जाऊ शकतं ते सांगता यायला हवं. नाही आलं तर त्या दिवशी तो असिस्ट करेल, ही शिक्षा नव्हे, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा म्हणजे कुणाला लागत नाही.

## टप्पा ६: टेबलापाशी

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट बहुतेक ठिकाणी भिंतीवर आहे. भुलीच्या आधी, चीर देण्याआधी, पेशंट ओटीतून बाहेर नेण्याआधी, असे तिचे तीन थांबे. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलमध्ये ती वापरून बघितली तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि कॉम्प्लिकेशन ११ वरून ७ टक्क्यांवर आली, हे २००९ मध्ये छापून आलं. दुसऱ्या थांब्याला सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं असतं. त्यात एक वाक्य वाढवा, आपापली लेव्हल. "मी आज डिसेक्शन पहिल्यांदा करतेय, सर समोर आहेत." सिस्टर म्हणेल, "हा स्टेपलर मी आधी लोड केलेला नाही." हे मोठ्याने बोललं गेलं की मदत आधीच जागेवर येते.

हात बदलायचे नियम आधी ठरलेले हवेत, मूडवर नकोत. आमचे असे आहेत:

- दहा मिनिटांत पुढे सरकलं नाही तर सीनियर एक पायरी करून देईल आणि परत देईल.
- रक्त दिसलं आणि एका प्रयत्नात थांबलं नाही तर दाबा, पॅक करा, बोलवा. दुसरी आंधळी क्लिप नाही.
- ॲनाटॉमी ओळखता येत नाही असं दोघांपैकी कुणालाही वाटलं तर थांबायचं.
- भूलतज्ज्ञाने "पेशंटला झेपत नाहीये" म्हटलं तर शिकवणं तिथेच संपलं.

पित्ताशयाच्या केसमध्ये क्लिप लावायच्या आधी सक्तीचा थांबा ठेवा. त्रिकोण चरबी काढून मोकळा झालाय का, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलाय का, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या फक्त दोनच रचना दिसतायत का. ज्युनियरने तिन्ही बोलून दाखवायच्या, सीनियरने हो म्हणायचं, मगच क्लिप. सीनियर स्वतः करत असेल तेव्हा ज्युनियरने हो म्हणायचं. प्रत्येक ऑपरेशनमध्ये असा एक परत न येण्याचा क्षण असतो, तो शोधून तिथे थांबा लावा.

हात काढून घेताना एकच ठरलेलं वाक्य वापरा. आम्ही "हात बदलू" म्हणतो. ओरडणं नाही, उपकरण ओढणं नाही. आणि ऑपरेशननंतर पाच मिनिटं काढून का बदलले ते सांगायचं, नाहीतर ज्युनियरच्या डोक्यात एवढंच राहतं की मला जमलं नाही.

सावध: मध्येच शिफ्ट बदलली आणि स्क्रब सिस्टर बदलली तर स्पंज, सुया, इन्स्ट्रुमेंट सगळ्यांचा काउंट परत. पोट बंद करण्याआधी परत. ज्युनियर क्लोजर करतोय आणि सीनियर निघून गेलाय, नेमकं याच वेळी काउंट घाईत होतो, म्हणून काउंट बरोबर आहे हे कानावर पडेपर्यंत सीनियरने ग्लोव्ह काढायचे नाहीत.

## टप्पा ७: रात्रीचा फोन

"गरज वाटली तर फोन कर" हा नियम नाही. गरज कधी असते ते ओळखणं हेच तर ज्युनियरला अजून येत नसतं. म्हणून सक्तीच्या फोनची यादी भिंतीवर लावा:

- पेशंट ओटीत न्यायचं ठरवलं, कुठलंही कारण असो
- न्यूज-२ स्कोर (श्वास, पल्स, बीपी वगैरेंवरून पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा आकडा) ७ किंवा जास्त (५ झाला की ज्युनियरने स्वतः जाऊन बघायचं)
- ड्रेनमधून (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतून) ताजं रक्त, पित्त किंवा आतड्यातला मजकूर
- लघवी सलग दोन तास दर किलोमागे तासाला ०.५ मिलीच्या खाली
- आयसीयूत हलवायचंय
- त्याच पेशंटबद्दल सिस्टरने दुसऱ्यांदा बोलावलं
- ज्युनियरला काहीतरी बरोबर वाटत नाहीये, कारण सांगता येत नसलं तरी

फोनवर काय बोलायचं तेही ठरवा, झोपेतून उठलेल्या माणसाला गोष्ट शेवटून सांगावी लागते. आधी मागणी: "सर, तुम्ही यायला हवं असं मला वाटतंय." मग परिस्थिती, मागचं थोडं, मला काय वाटतंय, मी काय केलंय. "दहा नंबर बेड, परवाचं कोलन (मोठ्या आतड्याचं ऑपरेशन), पल्स १३०, बीपी ९०, पोट कडक, मला लीक (आतड्याचा जोड गळतोय) वाटतोय, फ्लुइड आणि अँटिबायोटिक सुरू केलंय, ओटीला सांगून ठेवलंय." तीस सेकंद.

सीनियरची बाजू जास्त महत्त्वाची आहे. पहिल्या फोनला तुम्ही कसे बोललात त्यावर पुढचे सगळे फोन येतात की नाही ते ठरतं. फालतू वाटणारा फोन आला तरी "बरं केलंस" म्हणायचं, शिकवायचं असेल ते सकाळी. ज्या युनिटमध्ये रात्रीचे फोन एकदम कमी आहेत तिथे मी खूश होत नाही, मी रजिस्टर बघतो.

## टप्पा ८: वॉर्ड मोकळा सोडू नका

ही चूक लोकांना चूकच वाटत नाही. बॅलन्स सगळा ओटीत लावला जातो, आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन वॉर्डमध्ये फक्त इंटर्न. ऑपरेशननंतरची कॉम्प्लिकेशन कुठेही होतात, उत्तम सर्जनचीही होतात, पेशंट जातो तो ती उशिरा ओळखल्यामुळे. तिसऱ्या दिवशी पल्स हळूहळू वाढतोय, श्वास थोडा जलद, पेशंट नुसता अस्वस्थ, हे लीक आहे की साधं दुखणं, हे ओळखायला इंटर्न पुरत नाही.

म्हणून दिवसाच्या चार्टमध्ये वॉर्डसाठी लेव्हल ३ चा एक माणूस, ज्याचं नाव ओटी लिस्टवर नाहीच. दुपारी एक सीनियर राउंड, छोटा, फक्त लाल केसेस आणि ज्यांच्याबद्दल सिस्टरला काळजी वाटतेय ते. हँडओव्हर लिहून आणि तोंडी दोन्ही, ठरलेल्या क्रमाने: किती आजारी, थोडक्यात हकिकत, काय करायचं राहिलंय, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय, आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. लहान मुलांच्या विभागांत नऊ हॉस्पिटलमध्ये असा साचा लावल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, २०१४ ची गोष्ट. यातलं "काय बिघडू शकतं" हेच सीनियर माणूस सांगू शकतो आणि ज्युनियर सांगू शकत नाही, त्यामुळे लाल पेशंटचा हँडओव्हर सीनियरनेच द्यायचा.

## टप्पा ९: नवीन बॅच आणि महिनाअखेर

नवीन बॅच येते त्या आठवड्यांत तक्त्यातले अर्धे आकडे एका दिवसात खाली येतात. तरी लिस्ट तेवढीच चालू ठेवणं हे चूक आहे. पहिले दोन आठवडे ठरलेल्या केसेस कमी करा, सीनियरच्या रजा तेव्हा बंद ठेवा, आणि नवीन माणसाला पहिल्या रात्री एकटं लावू नका, जुना ज्युनियर त्याच्यासोबत राहू दे. क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषध-उपकरणांची गाडी), रक्तपेढीचा नंबर, स्टेपलरचं कपाट, हे पहिल्याच दिवशी चालत जाऊन दाखवायचं, कागदावर नाही.

महिनाअखेरीला चार्ट लावणाऱ्याने एवढं बघायचं:

लाल केसेसपैकी किती ठिकाणी तिन्ही खुर्च्या ठरल्याप्रमाणे होत्या? एकही चुकली तर ती केस काढून बोला, पेशंट बरा झाला असला तरी.

प्रत्येक ज्युनियरच्या लॉगबुकमध्ये किती पायऱ्या त्याने स्वतः केल्या? इथे फार अन्याय होतो. पुढे पुढे करणाऱ्या एकाच्या नावावर तीस आणि गप्प उभ्या राहणाऱ्या दुसरीच्या नावावर सहा, आणि वर्षअखेरीला आपण म्हणतो तिचा हात तयार नाही. हात तयार करायची जबाबदारी चार्ट लावणाऱ्याचीही आहे.

कुठल्या सीनियरला सगळ्यात जास्त रात्री बोलावलं गेलं? बहुतेक वेळा तो तोच असतो जो फोनवर नीट बोलतो. त्याच्यावरचा भार कमी करा, आणि ज्याला कुणीच फोन करत नाही त्याच्याशी बसून बोला.

तक्ता दर तीन महिन्यांनी नव्याने भरा. लेव्हल वाढवताना ती कुणी, कुठल्या केसेस बघून वाढवली ते शेजारी लिहा, आणि एखाद्याची कमी केली असेल तर पुढच्या महिन्याच्या शिकवायच्या लिस्टवर पहिलं नाव त्याचं टाका.